मांजरेतला शेवटचा डोह

आधीच सांगून टाकते : या लेखात एका गावाचं नाव नाही, आणि ते विसरल्यामुळं राहिलेलं नाही. पाली आहे, नेकनूर आहे, केज आहे. तिथं काय खाल्लं आणि जीप कुठं रुतली तेही आहे. पण मांजरा नदीच्या काठच्या ज्या भोईवाड्यात आमचे पाच दिवस गेले, त्याचं नाव लिहिणार नाही असा शब्द देऊन आले आहे. "मग प्रवासवर्णन लिहितेस कशाला?" असं माझ्या भावानं विचारलंच. त्याला म्हटलं, गाव सांगता आलं नाही तरी माणसं सांगता येतात.

मी गुहागरकडची. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा आईनं पेढे वाटले नाहीत, बांगडा माशांची अख्खी पाटी वाटली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पुण्यात नदीतल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मला सहायक म्हणून नोकरी लागली आणि पहिलंच काम निघालं बीड जिल्ह्यात.

काम असं होतं. मांजरेवरच्या एका धरणाच्या पायथ्याशी छोटं वीजघर बांधायचं घाटत होतं. सध्या असे बेत सगळीकडं ऐकू येतात. वीज आता खासगी कंपन्यांनीही करायची असं नवं धोरण आलं आहे, आणि जिथं चार हात पाणी पडतं तिथं कुणीतरी फीत घेऊन उभं असतं. वीजघर चालणार ते वीज लागेल तेव्हा. पाणी सोडलं की नदी फुगणार, बंद केलं की तुटणार. पण पावसाळ्याच्या तोंडाला नदीतले काही मासे खालच्या डोहांतून वर चढतात आणि धरणाखालच्या गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. हे चढणीचे मासे. पाणी मध्येच तुटलं तर मासा वाटेत अडकतो आणि घातलेली अंडी उन्हात वाळतात. म्हणून वीजघराच्या आधी नदीचा नकाशा करायचा : डोह कुठं, गोटे कुठं, सावली कुठं, आणि भर उन्हाळ्यात मासा जीव धरून राहतो तो कुठं. आमच्या सरांनी निघण्याआधी मला एक गोष्ट पक्की सांगितली, "नकाशात शेवटचा डोह जिथं असेल, तिथपर्यंतच आपल्याला सलग पाणी मागता येईल. त्याच्या खाली एक फूटही नाही."

पाली

बीडला आम्हाला भाड्याच्या जीपसह रशीदभाई मिळाले. गॅरेजवाले माणूस, पन्नाशीचे. गाडीच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगणारे. पहिला दिवस हत्यारं तपासण्यात घालवायचा असं सरांनी ठरवलं आणि आम्ही पालीला बिंदुसरेच्या धरणावर गेलो. मे महिन्यातलं पाणी तळाशी गेलेलं, पण कोरड्या डोंगरांच्या मध्ये ते निळं ताट बघून मला समुद्राची आठवण झाली, हे खोटं नाही.

पाण्याचा वेग मोजायला आम्ही मोसंबी वापरतो. ती अर्धी बुडून वाहतात, वाऱ्यानं ढकलली जात नाहीत. मी सहा मोसंबी आणली होती. धरणाखालच्या धारेत एक वाहवलं, वेळ लिहिली, आणि मागं वळून बघते तर रशीदभाई दुसरं सोलून खात बसलेले.

"अहो, ते यंत्र आहे आमचं!"

"हौ बाई," फोड पुढं करत ते म्हणाले, "लई गोड यंत्र हाय. तुमी पन चाखा."

नेकनूर

दुसऱ्या दिवशी नेकनूरच्या फाट्यावर जीपचं पाणी उकळलं. रशीदभाई बॉनेटखाली शिरले आणि आम्ही एका पत्र्याच्या हॉटेलात. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. नुसत्या पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. आमच्याकडं नारळ नसला की स्वयंपाक अडतो. इथं घरात काही नसलं तरी अडत नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या. हॉटेलवाला म्हणाला, "वाढू का अजून? लाजू नका, पुन्याच्या बाया लाजत्यात."

"मी पुण्याची नाही," मी म्हटलं, आणि चौथी घेतली.

केज

केजला बाजाराचा दिवस होता. पिवळ्या एसटीडी बूथपासून बैलबाजारापर्यंत माणूसच माणूस. एका कोपऱ्यात एक साठीची बाई पळसाच्या पानांवर मासे मांडून बसली होती. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हीच सोजरबाई. या लेखात आहे ते सगळं तिच्यामुळं.

सरांनी वाकून विचारलं, "बाई, हा मासा कुठला?"

"नदीतला."

"नदीत कुठं मिळाला?"

"पान्यात."

शेजारच्या भाजीवाल्या हसल्या. सर चिकाटीचे. "म्हणजे कोणत्या डोहात?"

"वल्या डोहात. कोरड्या डोहातले आमी धरत न्हाई."

मला राहवेना. उकिडवी बसले, एका माशाचे कल्ले उचलून पाहिले. "मावशी, हा कालचा आहे."

"कालचा? अगं, आज झुंजुरकाला धरलाय!"

"आजचा असता तर कल्ले लालभडक असते. हे फिके पडलेत."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठली गं तू?"

"कोकणातली. माझी आई मासे विकते."

"मंग तुला सायबाच्या जीपमदी कुनी बशिवलं?"

"कॉलेजनं."

यावर ती मनापासून हसली. "कावून मोजताय नदी?" तिनं विचारलं. मी वीजघराचं, पाण्याचं, चढणीच्या माशांचं सगळं सांगितलं. ऐकताना तिचं हसू हळूहळू ओसरलं. शेवटी टोपलं आवरत म्हणाली, "या उद्याच्याला भोईवाड्यावर. माजा भाऊ दावील. मोजा काय मोजायचं त्ये."

नदीवर

सोजरबाईचा भाऊ अंबादास चाळिशीचा, हाडकुळा, बोलायला कंजूष. पहिल्याच सकाळी नदीत उतरताना आमची जीप वाळूत रुतली. रशीदभाई म्हणाले, "ढकल बे अंबादास!" अंबादासनं शांतपणे चाकांतली निम्मी हवा सोडली, आणि जीप आपसूक बाहेर आली. तीस वर्षं गॅरेज चालवणारे रशीदभाई चारी चाकांभोवती फिरून आले. नंतर त्यांनी अंबादासकडच्या, ट्रकच्या जुन्या ट्यूबचं पंक्चर फुकट काढून दिलं. त्या ट्यूबवर बसूनच तो जाळं टाकतो. त्याचा बाप सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवर टाकायचा.

उन्हाळ्यातली मांजरा म्हणजे वाळू आणि खडक, मधूनमधून डोह, आणि त्यांना जोडणारी धरणातून झिरपणाऱ्या पाण्याची करंगळीएवढी धार. मी गाठी मारलेली दोरी आणि शिशाचा गोळा घेऊन ट्यूबवर बसायची. अंबादास नुसता पाण्यात उतरायचा. "घोट्याला... गुडघ्याला... कंबरंला," असं सांगत चालत जायचा, मग बुडायचा आणि हात वर काढायचा. पाण्यावर किती बोटं दिसली ते मी सांगायची, त्यावरून तो बाहेर येऊन म्हणायचा, "पुरुषभर, वर येक वीत."

मी दोरीनं ताडून पाहिलं. पहिल्या डोहात फरक चार बोटांचा. दुसऱ्यात तेवढाही नाही. मी वहीत त्याचं माप आणि माझं माप असे दोन रकाने केले होते. तिसऱ्या दिवशी माझा रकाना बंद केला.

"पण पुरुष कोणाचा धरायचा?" सरांनी विचारलं. "माणसं काय एका उंचीची असतात?"

"मापाचा मानूस येकच ऱ्हातो सायेब," अंबादास म्हणाला. "माज्या आदी चुलता व्हता. त्यो माज्यापरीस वीतभर उच्चा. त्याच्या येळंचं माप असलं की आमी तेवढं वाढवून धरतो."

म्हणजे भावकीत एक माणूस मापासाठी ठरलेला. त्यानं बुडायचं, बाकीच्यांनी मानायचं, आणि आधीच्या माणसाचा हिशोब तोंडपाठ ठेवायचा. आमच्या प्रयोगशाळेतल्या वजनकाट्याला वर्षातून एकदा तपासणीचा शिक्का लागतो. इथं तो शिक्का माणसाच्या शब्दावर होता. मी कोकणात जन्मले, मासळीत वाढले, पदवी घेतली, आणि नदीच्या पाण्यात उभी राहून असं वाटलं की आपण पहिलीत बसलोय. वाईट नाही वाटलं.

चौथ्या दिवशी एका मोडक्या बंधाऱ्याखालचा डोह दाखवून अंबादास म्हणाला, "ह्यो शेवटला. हितनं खाली वाळूच वाळू." आम्ही थोडं पुढं जाऊन पाहिलं. खरंच वाळू होती, धार त्यात मुरून गेली होती. सरांनी नकाशावर लाल ठिपका दिला आणि टोपण लावलं. काम झालं.

चुलीपुढं

संध्याकाळी सोजरबाईनं जेवायला बोलावलं. सर आणि रशीदभाई अंगणात बाजेवर बसले. मी आत गेले. तिनं पितळी परात पुढं सरकवली. "घे कोकनी. तू साफ कर, मी भाकरी थापते. बघू तुजं कालेज."

परातीत एकच मासा होता, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. खवला रुपयाएवढा. त्याला तिथं काय म्हणतात तेही मी लिहीत नाही. नावावरून गाव काढणारा कुणीतरी निघायचा. मी खवले काढले, पोट चिरलं, नाकाजवळ नेलं. पुन्हा नेलं. उथळ, गाळाच्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो. चार दिवसांत आम्ही जाळ्यात पाहिलेल्या प्रत्येक माशाला तो होता. याला नव्हता. आणि एवढा मासा पुरुषभर पाण्यात वाढत नाही.

"मावशी," मी हळूच म्हटलं, "हा आम्ही मोजलेल्या पाण्यातला नाही."

तिचा हात भाकरीवर थांबला. तव्यावरच्या दुसऱ्या भाकरीचा करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

"आनखी येक डोह हाय," शेवटी ती म्हणाली. "त्याच वाळूच्या खाली. तुमाला दावला न्हाई."

"का?"

"अगं, मागं बी येक जन आलता वही घिऊन. लई गोड बोलायचा. आमी दावला. त्यानं लिव्हलं. कुनाला दाखिवलं देव जाने, पन म्हैन्यात मानसं आली विहिरीच्या सुरुंगाच्या कांड्या घिऊन. येक बार केला." तिनं पीठ लागलेला तळवा उलटा केला. "असे. समदे पोट वर करून. ल्हान, थोर, गाभोळीचे. पोत्यानं नेले. चार पावसाळं त्या डोहात मासा नव्हता. कागदावर आलं की गेलं, बाई."

तिचं खरं होतं. पण ते ऐकून थांबता येणार नव्हतं. तिला समजावून सांगितलं की नकाशात तो मोडका बंधाराच शेवट ठरला, तर पाणी तिथंच थांबेल. खालच्या डोहातले मासे चढणीला निघतील आणि त्या वाळूत येऊन मरतील. एक वर्ष, दोन वर्षं, मग डोहात चढणारा मासाच राहणार नाही.

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला टाकली. "म्हंजे सुरुंगानं मारायचं का तहानंनं, येवढंच माज्या हातात हाय म्हन की."

बाहेरून रशीदभाईंची हाक आली, "आक्का, भाकरी जळाली का मानूस?"

"तुमच्या वाटची जळाली!" ती ओरडली, आणि मला म्हणाली, "सकाळी येकली ये. कागद-पेन हितंच ठिव. दोरी बी नगं."

तो रस्सा मात्र सांगायलाच हवा. काळं तिखट, शेंगदाण्याचं कूट, चिंचेचा कोळ. नारळ नाही, कोकम नाही. आमच्या घरी याला माशाचं कालवण म्हणायला कुणी तयार होणार नाही. मी वाटी बोटानं पुसून खाल्ली.

शेवटचा डोह

उजाडताच आम्ही तिघं निघालो. सोजरबाई पुढं, अंबादास मागं, मी मध्ये. सरांना मी एवढंच सांगितलं होतं की काही राहिलंय, बघून येते. वाळू ओलांडली, काळ्या खडकाला वळसा घातला, आणि एकदम गारवा लागला. झाडं कोणती ते सोडते. सावली दाट होती आणि तिच्याखाली हिरवंगार, हलत नसलेलं पाणी. काठाशी खडकाच्या कपारीतून एक झरा आत पडत होता. धार बारीक, पण जिवंत.

अंबादास उतरला. बुडाला, बोटं दिसली नाहीत. खडकाचा आधार घेत पुन्हा खोल गेला. वर येऊन धापा टाकत म्हणाला, "तीन पुरुष. माज्या मापानं."

"आता बोलू नगं," सोजरबाई म्हणाली. "बस."

पाणी स्थिरावलं आणि खालच्या सावल्या हळूहळू मासे झाल्या. दहा, वीस, मग मोजणं सोडलं. सगळ्यांची तोंडं झऱ्याकडं, वरच्या अंगाला. पावसाला अजून वेळ होता, पण ते रांगेत उभे होते, फाटक उघडायची वाट बघत असल्यासारखे. मी आयुष्यभर मासे पाहिलेत. पाटीत, बर्फात, बरणीत. इतके मोठे, इतके निवांत, असे कधी पाहिले नव्हते.

"मृग लागला की हितं जाळं बंद," सोजरबाई कुजबुजली. "घरात सोयरा आला तरी न्हाई."

परत येताना मी म्हटलं, "मावशी, ठिपका दिल्याशिवाय पाणी मागता येत नाही."

"ठिपकाच कावून देता तुमी?" तिनं विचारलं. "आमच्यात ठिपका नसतो. हद्द असती. ह्या बंदाऱ्यापसून थेट खालच्या म्हसोबापत्तुर आमच्या भावकीची हद्द. कोन कुठं जाळं टाकतंय, आमी येकमेकाला बी इचारत न्हाई. डोह हद्दीच्या पोटात. त्यो कुठं हाय त्ये हद्दीला म्हाईत, न् आमाला."

मी वाळूतच थांबले. बंधाऱ्यापासून म्हसोबापर्यंत चांगली दोन कोसांची नदी. एवढा सगळा पट्टा सारखाच रंगवला, आणि पाणी मागितलं पट्ट्याच्या खालच्या टोकापर्यंत, तर डोह आपोआप भिजणार होता, आणि ठिपका कुठंच नसणार होता.

केजच्या लॉजवर मी हे सरांना सांगितलं. ते चिडले. चूक त्यांची नव्हती. "मी जे पाहिलं नाही ते माझ्या नकाशात कसं घालू?"

दारात उभे असलेले रशीदभाई म्हणाले, "साब, बिजलीघर तरी कुठं पाहिलं तुमी? त्ये बी अजून कागदावरच हाय. त्याच्यासाठी नकाशा करताच ना?"

सर माझ्याकडं वळले. "तू पाहिलास?"

"पाहिला."

"खोली?"

"तीन पुरुष. अंबादासच्या मापानं."

त्यांनी माझी वही ओढून दोन रकाने निरखले, जिथं दुसरा बंद झाला होता तिथपर्यंत. मग लाल ठिपका ब्लेडनं खरवडून काढला आणि तिथून खाली सगळी नदी तिरप्या रेघांनी भरली. तळटीप लिहिली : पट्ट्यातील खोली स्थानिक भोयांच्या मापाने, सहायकाने प्रत्यक्ष पाहून खात्री केली. "सही कर," म्हणाले. "टीप तुझी आहे."

कामाच्या कागदावर माझं पूर्ण नाव, पुढं बी.एस्सी., असं मी पहिल्यांदा लिहिलं.  अक्षर चांगलं आलं.

चढणीच्या दिवसांत गुडघाभर पाणी म्हसोबापर्यंत तुटू द्यायचं नाही, अशी मागणी त्या नकाशासोबत आता वर गेली आहे. मान्य होईल की नाही ते मला ठाऊक नाही. पण मागणी त्या डोहाच्याही खालपर्यंत पोचली, हे ठाऊक आहे.

बीडला परतण्याआधी मी हट्टानं जीप पुन्हा भोईवाड्याकडं वळवायला लावली. रशीदभाईंनी डिझेलच्या नावानं कुरकुर केली, पण सगळ्यात वेगानं त्याच दिवशी चालवली. सोजरबाई अंगणात जाळं सांधत होती. मी नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले. तिला वाचता येत नाही. तिनं चौथी शिकलेल्या अंबादासला हाक मारली.

"दाव बरं, आपला डोह कुठाय ह्याच्यात."

अंबादास गुडघ्यांवर बसला. धरणापासून बोट निघालं. एकेका डोहाचं माप तो मोठ्यानं वाचत आला, मोडक्या बंधाऱ्यापाशी पोचला, रेघांत शिरला. म्हसोबापर्यंत गेला. परत वर आला. पुन्हा खाली गेला. ज्या पाण्यात तो परवाच दोनदा बुडाला होता, तेच त्याला सापडेना.

"आक्का," तो ओशाळून म्हणाला, "घावंना."

सोजरबाईनं कोपऱ्यावरचे गोटे एकेक करून उचलले, नकाशाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"मंग बराबर काढलाय."